न घटणारी लोकर

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा सुया खाली ठेवून, दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात मंगळवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. जेवण, झोप, फिरायला जाणं सगळं चालू आहे, पण मधेच हातातला घास हातात राहतो आणि मी भिंतीकडे बघत बसतो. धक्काच तसा बसलाय. पत्र लांबणार आहे, तेव्हा आधी चष्मा शोध आणि नीट टेकून बस.

तुला माहीतच आहे, छत्तीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. मी बाजारात शिरलो की पहिल्या दुकानापासून शेवटच्या दुकानापर्यंत सगळे काटे सरळ व्हायचे. (ही बढाई नाही. शेवटचा दुकानदार तर मला लांबून बघूनच दुकान बंद करायचा.) निवृत्त झालो आणि बोटं आखडायला लागली. डॉक्टर म्हणाले, बोटांना काहीतरी काम द्या, आणि तू लगेच सुयांचे दोन जोड पाठवून दिलेस. म्हणजे पुढे जे घडलं त्याचं मूळ तुझ्यापर्यंत जातं, एवढं आधी नमूद करून ठेवतो. सुलट-उलट टाके जमायला लागले आणि मला लोकरीचं वेडच लागलं. दुकानात नवा रंग दिसला की हात शिवशिवायचे. पलंगाखाली दोन ट्रंका भरल्या, कपाटाचा वरचा कप्पा भरला, जुन्या टीव्हीचं खोकं भरलं. ज्या दिवशी हिने मोठा कुकर उघडला आणि आतून जांभळ्या गुंड्या बाहेर पडल्या, त्या दिवशी मला बजावण्यात आलं की हा साठा निम्म्यावर आल्याशिवाय घरात नवी लोकर येणार नाही. मी शब्द दिला. सगळा साठा तोलून पाहिला, तो बावीस किलो भरला.

त्यानंतरचं वर्ष मी किती सचोटीने विणलं हे माझं मला ठाऊक. एकूण चौदा नग झाले, आणि सगळे वाटून टाकले. जावयांचा निळा स्वेटर चांगला झाला, फक्त गळ्यातून डोकं जाईना. (त्यांनी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा कान अडकले तेव्हा मुलीने मला बाहेरच्या खोलीत जायला सांगितलं.) पुतणीच्या बाळाला टोपी केली, तर टोपीत बाळच मावलं. आमच्या जुन्या साहेबांना पायमोजे करायला घेतले. पहिला उत्तम उतरला, पण दुसऱ्याला बसलो तर पहिला कसा केला तेच आठवेना, त्यामुळे एक गुडघ्यापर्यंत जातो आणि एक घोट्याशी थांबतो. शेजारच्या चष्मेवाल्यांच्या स्वेटरच्या पाठीत एक टाका सुटला होता, तो मला चाळीस ओळींनंतर दिसला. मी पुन्हा चाळीस ओळी उसवल्या. दुसरा कोणी असता तर वरून बटण लावून मोकळा झाला असता. देण्याआधी प्रत्येक नग मी तोलायचो, ती सवय काही सुटत नाही. चौदा नगांचे मिळून चार किलो सहाशे ग्रॅम. आणि सगळ्यांनी किती आनंदाने घेतले म्हणून सांगू! जुन्या साहेबांचे तर डोळे भरून आले होते.

तर मंगळवारी सहज मनात आलं, साठा किती उरला बघू. साडेसतरा किलोच्या आत-बाहेर भरायला हवा होता. काटा एकवीस किलोच्या पुढे गेला आणि तिथेच थांबला. आयुष्यभर मी कमी भरलेला माल पकडला. जास्त भरलेला माल मी कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे अशा वेळी कोणावर कारवाई करायची हेच मला कळेना. काट्यावर संशय आला, म्हणून निरोप-समारंभात मिळालेली पितळी वजनं काढून काटा तपासला. काटा निर्दोष. मग माझा माझ्यावरच संशय आला. झोपेत चालत जाऊन लोकर आणतो की काय? (दुकान सकाळी दहाला उघडतं, तेव्हा हा मुद्दा निकाली निघाला.) शेवटी सगळा माल जमिनीवर पसरला आणि एकेक गुंडी हातात घेऊन पाहू लागलो. एक निळी गुंडी उलगडली तर धागा सरळ पडेना, सगळा नागमोडी. नवी लोकर अशी नसते. एकदा विणून उसवलेली लोकर अशी असते. थोडा धागा आणखी ओढला तर त्यात माझी गाठ. दोन धागे जोडताना मी तीन वेढे देतो, तसे जगात दुसरं कोणी देत नसेल. ही लोकर जावयांची होती.

हिला काही बोललो नाही. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, ही खात्यातली शिस्त. दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयात जातो म्हणून निघालो आणि कोपऱ्यावरूनच परत फिरलो. मागच्या गॅलरीत पाहतो तर ही खुर्चीवर बसून उसवतेय, आणि समोर वेताच्या मोड्यावर, दोन्ही हात पुढे धरून, त्या हातांवर लोकरीचे वेढे घेत, चष्मेवाले. स्वतःचाच स्वेटर उसवून घेत होते ताई! पाठ संपली होती, खांद्यापर्यंत आले होते. माझी चाळीस ओळींची मेहनत माझ्या डोळ्यांदेखत सुर्रकन निघत होती. मला बघून ते उठलेसुद्धा नाहीत. (उठणार कसे, हात गुंतलेले.) फक्त म्हणाले की लोकर फारच सुंदर आहे, काखेत तेवढी जरा धरते. हिने शांतपणे गुंडी पुरी केली, त्यांचे हात मोकळे केले आणि त्यांना घरी पाठवलं.

मग सगळं बाहेर आलं. वर्षभर लोक गुपचूप पिशव्या घेऊन हिच्याकडे येत होते. जावयांनी आणून दिला, पुतणीने टोपी दिली, जुन्या साहेबांनी मोजे चक्क पार्सलने पाठवले. माझं मन मोडू नये म्हणून ही दुपारी उसवायची, धुवायची, वाळवायची, आणि गुंड्या करून खोक्यात तळाशी ठेवायची. मी विचारलं, टाकून का नाही दिलंस? तर म्हणाली, लोकर संपली असती म्हणजे तुम्ही पुन्हा स्वयंपाकघरात आला असता. (निवृत्तीनंतरचे पहिले तीन महिने मी दूध मापून घ्यायचो आणि कणकेचे गोळे तोलायचो. ते हिच्या मनात अजून आहे हे मला माहीत नव्हतं.) चौदाच्या चौदा? म्हणून विचारलं. ती म्हणाली, वन्संचा राखाडी तेवढा आला नाही. मी ताबडतोब काट्याशी गेलो. ताई, साठ्यात कमी भरत होते साडेचारशे ग्रॅम, आणि तुझ्या स्वेटरचं वजन चारशे चाळीस! उरलेले दहा ग्रॅम गाठी कापण्यात गेले असतील. म्हणजे तुझ्या एकटीचा स्वेटर अंगावर राहिला, हे वजनाने सिद्ध झालं. मी तिथेच ट्रंकेवर बसलो आणि मला रडू आलं.

पण खरा धक्का पुढेच होता. ही गुंड्या आवरत होती. आवरता आवरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "चौदा जणांना विणलंत. मला कधी विचारलंत का?"

मी म्हणालो, "तू कधी मागितलं नाहीस."

"मागून घेतलं तर ते काय कामाचं?"

बेचाळीस वर्षांचा संसार झाला आमचा. ज्या माणसाला दहा ग्रॅमचा फरक दिसतो त्याला घरातलं हे दिसू नये, याची मला फार लाज वाटली. असो. आता मी सावरलो आहे. तुला हे सगळं कळवावं एवढाच हेतू होता. माझं काही मागणं नाही. गुडघ्यांना जप.

तुझा,
धाकटा

ता. क. १ : मागणं नाही म्हटलं, पण एक आहे. पत्र टाकायचं तीन आठवडे राहून गेलं, तेवढ्यात हिचं माप घेऊन (घेऊ देताना लाजली) स्वेटर विणायला घेतलाय. रंग तिनेच निवडला, राखाडी. पुढचा भाग, पाठ आणि एक बाही झाली आणि लोकर संपली. नवी आणायची नाही हा शब्द आहे, आणि आणीन म्हटलं तरी तो रंग आता येत नाही. तेवढी राखाडी लोकर जगात फक्त तुझ्या अंगावर आहे. तो स्वेटर पाठवशील का? उसवायचं काम मी करीन.

ता. क. २ : नाही, पाठवू नकोस. खरंच रोज घालत असशील तर मुळीच पाठवू नकोस. घालत नसशील तर पाठव, पण मग घालत नव्हतीस असं लिहू नकोस.

ता. क. ३ : वन्सं, सा. न. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलं म्हणून हे माझ्या अक्षरात. स्वेटर पाठवायचा प्रश्नच नाही, कारण तो मागच्याच हिवाळ्यात तुम्ही माझ्याकडे परत पाठवलात. उसवून, धुऊन, माझ्या साड्यांच्या घडीत ठेवलाय, ते ह्यांना कळलेलं नाही. तुम्ही एवढंच लिहा की तो अंगावेगळा करवत नाही, म्हणून देणार नाही. दुसरी बाही त्यांना हवी त्या रंगाची करू देत. मी घालीन.