दारू सोडणाऱ्याची बहीण

५ जानेवारी २००३, गोंडपिपरी

हार घातला त्याला! झेंडूचा, चांगला जाडजूड. विक्की व्यसनमुक्ती शिबिरातून घरी आला म्हणून अख्खा मोहल्ला विहारासमोर उभा. बाबांना रडू आवरेना. बारावीला मी कॉलेजात पहिली आले, तेव्हा हेच बाबा "बरं झालं" म्हणून सायकल पुसत बसले होते.

दारू प्यायची, नालीत पडायचं, आईवर हात उगारायचा – आणि मग एक दिवस सोडायची. की झाले आपण हिरो! जी कधी नालीत पडलीच नाही तिचं काय? विक्की दोन वर्षांनी लहान आहे माझ्यापेक्षा. लहानपणापासून सगळं त्याचंच.

६ जानेवारी

आईनं कोंबडा केला. जाळ नुसता! एक घास घेतला आणि तोंडाची आग आग झाली. विक्कीला तिखट लागतं म्हणून सगळ्यांनी जळायचं. मी गुपचूप दहीभात खाल्ला. "काऊन नाई खात वं?" एवढंही कुणी विचारलं नाही. सगळे त्याचं ताट बघत होते.

९ जानेवारी

शिरीन मॅडम आल्या होत्या. शिबिर त्यांच्याच संस्थेचं. बल्लारपूरच्या आहेत, बोलतात गोड. म्हणाल्या, पहिले काही महिने जपायचे. टोमणे नकोत, जुनं उकरायचं नाही, त्याला एकटं सोडायचं नाही. पुन्हा प्यायलाच तर हाकलायचं नाही, लगेच आम्हाला कळवायचं.

मग म्हणाल्या, प्रत्येकानं विक्कीबद्दल एक चांगली गोष्ट सांगा. आईनं चार सांगितल्या. माझी पाळी आली. मी म्हटलं, "वेळेवर जेवते."

मॅडम हसल्या. बाबांनी डोळे वटारले.

"त्याच्यासोबत घरी कोण राहील?" मॅडमनी विचारलं. बाबा लगेच, "आमची संघू हाये ना!" संघू म्हणजे मी. चंद्रपूरच्या होस्टेलातून मला यासाठीच बोलावून घेतलंय तर! बी.ए.चं शेवटचं वर्ष, एप्रिलात परीक्षा. कुणाच्या तोंडून त्यातलं एक अक्षर निघालं नाही. माझ्याही नाही.

नंतर मॅडम त्याला घेऊन मागच्या आंगणात बसल्या. तो बोलतोय, त्या ऐकताहेत. मधे बोलत नाहीत, घाई नाही. असं माझं कधी कुणी ऐकलंय?

१५ जानेवारी

बाबा आता रोज ठेल्यावरून विक्कीसाठी खर्रा आणतात. स्वतः उभं राहून घोटून घेतात – सुपारी जास्त, तंबाखू कमी, चुना बेताचा. "दारूपक्षा बरं हाये. तोंड कामात राह्यते पोराचं." दारू सोडली म्हणून बक्षीसच की!

तो चिमूटभर घेतो आणि पन्नी माझ्याकडे सरकवतो. बाकीचा मीच संपवते. होस्टेलातल्या सगळ्या पोरी खायच्या, तेव्हाची सवय. पुस्तक उघडलं की खर्रा हवा. राग आला तरी हवा. या घरात राहायचं म्हणजे दिवसभर गालात हवाच!

१६ जानेवारी

आज तो सहाला उठला. आईनं तीन घरी जाऊन सांगितलं. मी रोज पाचला उठते.

२ फेब्रुवारी

विक्कीनं सगळ्यांसाठी गुपचुप आणले, पुऱ्या आणि आंबट पाणी वेगळं बांधून. मी एक हातात घेतला, फोडला, अर्धा अर्धा खाल्ला. पाणी सांडलं. "ताई तं मॅडमसारखी खाऊन राह्यली!" म्हणून तो हसला, आईबाबाही हसले. पूर्वी मी अख्खा टाकायची. त्याच्या हातचा आहे म्हणून घशाखाली उतरत नसेल. आईला काय, तो हसला यातच सगळं आलं!

११ फेब्रुवारी

हे कुणी वाचू नये.

आज मनात आलं – यावं त्यानं एकदा पिऊन. पडावं दारात, सगळ्यांसमोर. मग बघते कोण हार घालतं.

लिहिलं तरी बरं वाटत नाहीये. पण आलं खरं मनात.

८ मार्च

विक्की दुपारपासून गायब. दिवेलागण झाली तरी पत्ता नाही. आईनं डोक्याला हात लावला. बाबा भट्टीकडे जाऊन आले. मलाच बोलले, "तुले एक काम देल्लं होतं, तेही जमलं नाई!"

खरं सांगते, मला बरं वाटत होतं. आतून.

शेवटच्या बसनं उतरला. कोरडा ठाक! चंद्रपूरला गेला होता, माझ्या कॉलेजात. माझं हॉल तिकीट घेऊन आला. "ताई, तुयी परीक्षा बुडू नाई देत मी."

बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पाहा, बाबू केवढा शहाणा झाला!"

परीक्षा माझी, शहाणपण त्याचं! आता त्याच्यावर रागवायचीही सोय राहिली नाही. खोलीत जाऊन खर्र्याची नवी पन्नी सोडली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

१४ मार्च

रविवारी शिरीन मॅडम दातांचे डॉक्टर आणणार आहेत. विक्कीसोबत दारू सोडलेल्या पोरांचा जो गट आहे, त्यांची तोंडं तपासायला. दारू सुटली, पण सगळे खर्र्याला लागले, आणि खर्रा म्हणजे दारूचाच भाऊ, असं मॅडम म्हणतात. बाबांना पटलं नाही. "खर्र्यानं कोण मेलं?"

घरच्यांनीही यायचंय म्हणे. म्हणजे पुन्हा सतरंजीवर बसून त्याचं कौतुक ऐकायचं! मी नाही म्हटलं. आई म्हणाली, "चाल वं, त्याले बरं वाटते."

त्याला बरं वाटतं. चला!

१६ मार्च

डॉक्टर म्हणाले, तोंड उघडा आणि आपली तीन बोटं एकावर एक धरून आत घाला. जाऊ शकली तर ठीक. सुपारीनं गाल आतून आवळत जातो, आणि कधी कधी पुढे कॅन्सर होतो.

विक्कीची तीन गेली. बाबांची गेली. सगळे हसत होते. विक्की म्हणाला, "ताई, आता तू."

माझं एकच गेलं.

नागपूरला न्यायला सांगितलंय, लवकर. घरी आल्यापासून विक्कीकडे कुणी बघत नाहीये.