शून्यानं सुरू होणारे नंबर

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
ठरलं. विद्यापीठाची वेबसाइट पुन्हा नव्यानं बांधायची. मोबाइलवर नीट दिसणारी, निकालाच्या दिवशी बंद न पडणारी. त्यासाठी पुण्याहून अनेकांत नावाचा इंजिनिअर आलाय. जुनी साइट मी एकटीनं उभी केलेली, त्याला बारा वर्षं झाली. मीटिंगमध्ये त्यानं ती पडद्यावर लावली तेव्हा कुणीतरी हसलं. मीपण हसले. माझी नोकरी कंत्राटी. आता मला कशाला ठेवतील?

६ फेब्रुवारी, गुरुवार
अनेकांत बरा आहे. एकच गोष्ट तीनदा विचारली तरी वैतागत नाही. त्याची पद्धत अशी — साइटचे लहान लहान तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा जोडण्याआधी मशीनकडून तपासून घ्यायचा. जुन्या पानाचं आणि नव्या पानाचं उत्तर जुळलं तरच पुढं जायचं. मला हे आवडायला लागलंय. कुणाला सांगणार नाही!

११ फेब्रुवारी, मंगळवार
आज निकालाचं पान तपासलं. लाखभर निकाल जुळले. अकरा जुळेनात. मला आतून बरं वाटलं — चुकला शेवटी! लिहितानाही लाज वाटते.
अनेकांतनं अकराही निकाल मूळ नोंदींशी ताडून पाहिले. मग हळूच म्हणाला, "मॅडम, नवीन बरोबर आहे."

१२ फेब्रुवारी, बुधवार
बैठक क्रमांक शून्यानं सुरू होत असेल तर माझा प्रोग्रॅम ते शून्य खाऊन टाकतो. मग पुनर्मूल्यांकनाचा नवा निकाल त्याला सापडतच नाही. जुनाच दाखवतो — अनुत्तीर्ण. अकरा जण पास झाले होते! साइटवर नापास दिसलं म्हणून गुणपत्रिका न्यायला कुणी आलंच नाही.
विभागप्रमुख अमरसिंह सरांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं. "जुनी साइट महिन्याभरात बंदच होणार हाय की! उकरताय कशाला? पहिली नोकरी तुमची जाईल, मग माझी."
जागेवर येऊन अकरा नावांची यादी ड्रॉवरमध्ये टाकली.

१३ फेब्रुवारी
यादी दोनदा ड्रॉवरमधून काढली, परत ठेवली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
यादीतल्या पहिल्या नावाला फोन लावला. निशिगंधा, चंदगड, बी.एस्सी., २०२१. आईनं उचलला. "पोरगी काजूच्या कारखान्यात गेलीया. दुपारच्या सुट्टीत तिच्या नंबरावर करा." तेव्हाच सोडून द्यावं असं वाटलं. घड्याळाकडं बघत बसले. दुपारी पुन्हा केला.
सगळं सांगितलं. यंत्रांच्या खडखडीतून ती बाहेर आली आणि तिनं सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग ती म्हणाली, "मी रोज बघत होते हो साइट. महिनाभर. वाटायचं, आज बदललं असंल."
तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "आता एम.एस्सी.ला घेत्यात काय?"
माहीत नाही, म्हटलं. विचारून सांगते, म्हटलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
लेखी दिलं — परीक्षा विभागाला आणि कुलगुरूंच्या कार्यालयाला. अकरा नावं, आणि खाली स्वच्छ लिहिलं की चूक माझी आहे. आवकचा शिक्का पडलेली प्रत पर्समध्ये ठेवली. अनेकांत म्हणाला, "मीपण सही करतो." नको म्हटलं. त्याला अजून बरीच नोकरी करायचीय.
अमरसिंह सर जिन्यात भेटले. माझ्याकडं न बघता खाली गेले.

२० फेब्रुवारी, गुरुवार
अजून काहीच नाही. शिपाई दारात आला की वाटतं, पत्र आलं. बाकीच्या दहांनाही फोन केले. चौघांचे नंबर बंद. एकानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

२४ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी ऑफिसच्या दारात एक अनोळखी बाई उभी. हातात घड्या पडून फाटत आलेली निकालाची प्रिंट. "चंदगडच्या पोरीकडनं कळलं. माझा नंबर पण शून्यानंच सुरू होतोय बघा. दोन हजार चौदा." माझी यादी दोन हजार एकोणीसपासूनची. त्याआधीचे निकाल आमच्या संगणकांवर उरलेलेच नाहीत. तिच्यामागं पार जिन्यापर्यंत माणसं होती. सगळ्यांच्या हातात कागद.