उरलेली दोन कडवी

११ फेब्रु. ९९, गुरु.
आयसीयूत संध्याकाळी आत सोडतात, तेही जरा वेळच. सुमनच्या तोंडात नळी, बोलणं बंद. कानाशी वाकून चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता म्हटली. लग्न झाल्यावर हीच म्हणून दाखवली होती, तेव्हा पदर तोंडाला लावून हसलेली. शेवटची दोन कडवी राखली. "उरलेलं उद्या." रोज तसंच करतो. ऐकायचं राहिलंय म्हटल्यावर बायको जायची नाही, एवढीच माझी अक्कल. दवाखान्यात येताना तिनं बजावलंय, "शेवटाला गीता-बिता नको. तीच म्हणा, पुरी."

१३, शनि.
विलास म्हणाला, "आण्णा, डॉक्टर म्हणत्यात, आईला उतार हाय. उद्या रविवार. जोतिबाला गुलाल-खोबरं वाहून या की."
"तू पण चल."
"मग हितं कोण थांबायचं?"
खरंच. गुणाचं पोर.

१६, मंगळ.
रक्षाविसर्जन झालं. परवाचं लिहितो.
डोंगरावर ऊन कोवळं, पलीकडं पन्हाळा स्वच्छ. नवी नवरी घेऊन आलो होतो, तिच्या वेणीत गुलाल... पुजाऱ्यानं कपाळ भरून लावला. हिच्यासाठी पुडी घेतली. एस.टी.त वाटलं, उतार पडलाय तर आज सगळी म्हणू.
गल्लीच्या तोंडाला माणसं उभी. शेजारचे बापू पुढं आले, टॉवेलनं माझं कपाळ पुसायला लागले. "आण्णा, वहिनी गेल्या." गुलाल निघेना. तसल्याच कपाळानं खांदा दिला.

२०, शनि.
सून बोलून गेली. श्वासाचं मशीन काढायचं गेल्या शनिवारीच ठरलं होतं. मेव्हणी रविवारी पुण्याहून आली ती उगाच नाही. तिला निरोप गेला. मला गुलाल.
विलास : "तुमचं काळीज सोसलं नसतं, आण्णा."
"माझ्या काळजाची फिकीर तुला कुणी सांगितली?"


२ मार्च, मंगळ.
परत विलासला तेच विचारलं. पोरगं रडायला लागलं. "आईनंच सांगितलं हुतं. नळी घालायच्या आदी. म्हणाली, त्या वक्ताला आण्णास्नी लांब धाड."
मला एक सांगितलं, लेकाला दुसरं? लेक खोटं बोलत असेल तर लेक गेला. खरं बोलत असेल तर

७, रवि.
दवाखान्यात आत सोडायची ती वेळ. फोटोपुढं बसलो. विलास मागं येऊन टेकला. नदीची म्हटली. दोन कडव्यांपाशी थांबलो.
"म्हणा की, आण्णा."
"उद्या," म्हटलं.