फोटोत नसलेली आत्या

सोमवार, ६ एप्रिल

मानवजातीवर आजवर जे घोर अन्याय झाले, त्यांत आज एकाची भर पडली. माझ्या ट्रायपॉडचा तिसरा पाय बसला. दोन पाय ताठ, तिसरा लुळा — एखाद्या समितीसारखा!

साप्ताहिकाचा फोटोग्राफर नोकरी सोडून गेला, म्हणून संपादकांनी माझ्या सदराबरोबरचा फोटोही मलाच काढायला सांगितलाय. जुन्या कचेरीवर नवे झगमगीत दिवे सोडलेत, त्यांचा. पहिल्या पानावर येणार म्हणे! इतक्या वर्षांत माझं काहीच पहिल्या पानावर आलेलं नाही. बायको म्हणाली, "तुमच्याकडे कॅमेरा आहे हे त्यांना सांगितलं कुणी?" मीच.

तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडून कॅमेरा ठेवायला स्टूल मागून आणलं. निवृत्त, विधुर, शांत माणूस. "लवकर परत द्या हं." माणसं वस्तूंना किती चिकटतात!

मंगळवार, ७ एप्रिल

आकाश निळं आहे तोवर दिवे लागले, तरच फोटोत जीव. आकाश काळं झालं, मग दिवे लागले. तेही जांभळे! दोनशे वर्षांची भारदस्त कचेरी लग्नाच्या हॉलसारखी उभी. पहारेकऱ्याला विचारलं. "साहेबांना जांभळा आवडतो."

बुधवार, ८ एप्रिल

आतेभावाचा फोन. आत्या राहते आमच्याकडे. तिचा गुडघा मात्र याच्या ताब्यात. तिने रोज संध्याकाळी कचेरीभोवती पाच फेऱ्या मारायच्या, नाहीतर हा तिला आपल्या शहरात नेणार. चौदाव्या मजल्यावर. तिथे चालायचं यंत्र आणून ठेवलंय.

"आई, आज किती?"

"सहा झाल्या रे. पाचव्याला पाय थांबेनात."

रविवारी तो स्वतः तपासायला येतोय. फोन ठेवून आत्या मला म्हणाली, "यंत्रावर चालायचं म्हणजे घाम गाळून आहे तिथेच. ते तर तू रोज लिहायला बसून करतोस."

जिन्यात डॉक्टर भेटले. "स्टूल?" "उद्या." "नाही, संध्याकाळी जरा टेकायला लागतं..." कुठे टेकतात कोण जाणे.

गुरुवार, ९ एप्रिल

साधला! दिवे आज चुकून वेळेवर लागले, आणि चुकून पिवळे. कचेरीसमोरच्या मैदानाच्या पार पलीकडे स्टुलावर कॅमेरा, मागे मी उकिडवा, कॅमेऱ्याची झडप अर्धं मिनिट उघडी. अशा फोटोत चालती माणसं उमटतच नाहीत, विरून जातात. दिवे लावणारे साहेब लवाजम्यासकट मिरवत गेले — गायब! कचऱ्याचा डबा मात्र अजरामर. सदरालाही विषय मिळाला.

शुक्रवार, १० एप्रिल

सकाळी फोटो मोठा करून बायकोला दाखवला. कौतुक करील म्हटलं. तिने चष्मा लावला. "अहो, ही आत्याबाईंची शाल!"

मधल्या पायरीवर, दोन खांबांच्या बरोबर मध्ये, आत्या. शालीची किनारसुद्धा स्पष्ट! म्हणजे बाई अर्धं मिनिट तसूभर हललेली नाही. शेजारी तळमजल्यावरचे डॉक्टर, तेवढेच स्थिर. दोघांच्या मांडीवर आइस्क्रीमचे कप. दातांचे डॉक्टर!

"सहा फेऱ्या," बायको म्हणाली आणि तोंडावर हात धरून आत पळाली.

आतेभाऊ आमचं साप्ताहिक घेतो. माझ्या चुका काढायला. फोटो त्याच्या हाती पडला, की आत्या चौदाव्या मजल्यावर. कापून काढावं, तर अख्खी कचेरी त्या दोघांभोवतीच उभी आहे.

संध्याकाळी आत्या गुणगुणत जिना चढली. "किती झाल्या?" "सात." सुरकुतीसुद्धा हलली नाही. एकटीने बसून भिंतीशी बोलायची ही बाई. ते कधी थांबलं, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

शनिवार, ११ एप्रिल

कचेरीचा मागच्या बाजूने फोटो काढून पाठवला. संपादकांचा फोन, "अहो, ह्यात सांडपाण्याचे नळ दिसतायत!" म्हटलं, "इतिहासाची ही बाजू कुणी छापत नाही." "पाचव्या पानावर टाकतो. लहान."

बायकोने टोमण्याऐवजी चहा आणून दिला. तेच जास्त लागलं.

रविवार, १२ एप्रिल

आतेभाऊ आला. आईचा गुडघा दाबून पाहिला, मग मला बाजूला घेतलं. "खरं सांग, चालते का?"

मी मागच्या बाजूचा फोटो पुढे केला. "कचेरीला फेरी म्हणजे इथूनही जाणार ना? झडप अर्धं मिनिट उघडी होती. चालणारा माणूस यात उमटत नाही. शोध तुझी आई."

बराच वेळ शोधली. "नाहीये रे."

"झालं तर मग!"

इंजिनियर माणूस; शास्त्रापुढे मान तुकवली. यंत्र विकून टाकतो म्हणाला. आत्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मग कोपऱ्यातली काठी काढून पुसत बसली. आजारी आहे की काय?

सोमवार, १३ एप्रिल

स्टूल परत केलं. डॉक्टरांच्या दाराशी नाही, कचेरीच्या पायऱ्यांपाशी. जोडीला आमच्या घरचंही एक. पायऱ्या रिकाम्या! तेवढ्यात कोपऱ्यावरून दोघं आली. आत्या काठी टेकत, डॉक्टर अर्धं पाऊल मागे.

"आता कशाला आणलंत?" डॉक्टर म्हणाले.

"असू द्या," आत्या धापा टाकत म्हणाली. "ह्याच्या शास्त्राची लाज राखायला एक मारली. दुसरी काही जमायची नाही."