तो जमिनीवर पडला होता

मी, रखमा तुळशीदास नाखवा, वय वर्षे बासष्ट, धंदा मासळीविक्री, राहणार कॉटन ग्रीन, मुंबई, हे मृत्युपत्र तोंडी सांगत आहे आणि ॲडव्होकेट मेघना तांबे ते लिहून घेत आहेत. परळच्या डॉक्टरांनी माझ्या आजाराबद्दल काय ते सांगितले आहे. गाठ पोटात आहे, डोके जागेवर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की लाडीगोडी लावलेली नाही. ज्याचा धाक होता तो माझा धाकटा दीर रामदास माझ्याच हातून मेला, हे आमच्या सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. चाळ पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीतले माझे घर माझी एकुलती मुलगी ऋतिका हिला मिळावे. त्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नाही.

हे घर कसे राहिले ते इथे लिहून ठेवते. चाळीतली खोली माझ्या नवऱ्याच्या नावावर होती. ते काविळीने गेले आणि वर्षाच्या आत चाळ पाडण्याची बोलणी सुरू झाली. तेव्हापासून रामदास यायला लागला. "वहिनी, खोली माझ्या नावावर कर. बाईमाणसाला काय करायची?" पहिल्यांदा त्याने थोबाडीत मारली. दुसऱ्यांदा माझा डावा हात चौकटीत धरून दार लोटले. त्या हाताची दोन बोटे अजून वाकत नाहीत. पोलीस चौकीत सांगितले तर घरातले भांडण घरात मिटवा म्हणाले.

मग तो रविवार. दुपारी मी मोरीपाशी बांगडे साफ करत होते. तेरा वर्षांची ऋतिका पोटमाळ्यावर बसून अभ्यास करत होती. तिला आम्ही इंग्रजी शाळेत घातले होते. होऊन गेलेले क्रियापद आणि त्याच्यापुढे कुठे, कशावर, कशातून, अशी वाक्ये ती मोठ्याने घोकत होती. "द कॅट जंप्ड ओव्हर द वॉल. द बॉय फेल ऑफ द ट्री." मला तेव्हा अर्थ कळत नव्हता, पण तिचा आवाज कानावर असला की काम होत असे.

रामदास पिऊन आला. "सही करतेस की नाही?" मी नाही म्हटले. "मग पोरीला विचारतो," म्हणाला आणि शिडीवर चढून त्याने ऋतिकाची वेणी धरून तिला खाली ओढले. तिचे कपाळ भिंतीवर आपटले. पुन्हा आपटले. भिंतीला रक्त लागलेले मी पाहिले आणि मासे कापायची लाकडी फळी उचलून त्याच्या डोक्यात घातली. तो उताणा पडला. ऋतिका सरपटत कोपऱ्यात गेली. त्याला उठता येत नव्हते, तरी तोंड चालू होते. "उठलो की आधी तिला जाळतो. मग तुला."

दार उघडे होते. पोरीला घेऊन मला बाहेर जाता आले असते. मी सुरी घेतली, त्याच्या पोटात खुपसली, बाहेर काढली आणि परत खुपसली. एवढेच.

२. ती सुरी कोर्टात जमा झाली. ती कोणी परत मागू नये.

३. बाजारातल्या माझ्या टोपल्या, फळी, वजनकाटा आणि हातातल्या सोन्याच्या बांगड्या माझी जाऊ काशीबाई रामदास नाखवा हिला द्याव्यात. होय, त्याचीच बायको. निकालाच्या दिवशी ती कोर्टाच्या पायरीवर माझ्या अंगावर थुंकली होती. मी सुटून आले आणि लालबागच्या बाजारात पुन्हा बसले, तर शेजारी तीच. किती तरी महिने आम्ही बोललो नाही. एका उन्हाळ्यात माझा बर्फ संपला, तेव्हा तिने आपल्यातला अर्धा माझ्या पापलेटांवर ओतला. म्हणाली, "मला पण मारायचा तो. पोट पाडलं होतं माझं लाथेनं." तिने मानही वर केली नाही, मासे रचत राहिली. म्हणाली, "तुझ्या पोरीनं सांगितलं म्हणून मला कळलं तो कसा मेला. नायतर वकिलाचंच खरं धरून बसले असते."

४. वकिलाचे म्हणणे काय होते, तेही सांगते. माझ्या बाजूने उभे राहिलेले वकील माणूस म्हणून वाईट नव्हते. रामदास अंगावर धावून आला, अडखळला आणि माझ्या हातातल्या सुरीवर पडला, असे त्यांनी मांडले. मला म्हणाले, "तुम्ही फक्त गप्प राहा."

ऋतिकाला पिंजऱ्यात उभे केले. कपाळावरची खूण ताजी होती. वकिलांनी मराठीत विचारले, "काका आईच्या अंगावर आले आणि पडले ना?"

"हो. पडले."

वकील न्यायाधीशांकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "ही फेल ऑन द नाईफ." कोर्टात जबाब इंग्रजीत उतरवतात. साहेब तेच टंकलेखकाला सांगणार, तेवढ्यात माझी पोरगी बोलली. तिला कोणी इंग्रजीत विचारले नव्हते.

"नो सर. ही फेल ऑन द फ्लोअर. नॉट ऑन द नाईफ."

न्यायाधीश पुढे वाकले. "बाळ, घाबरू नकोस. काय झालं ते मराठीत सांग."

"काका जमिनीवर पडले. मग आईनं सुरी मारली. दोनदा."

अंगावर आलेल्याला मारले असते तर मी सुटले असते. पडलेल्याला मारले, म्हणून सदोष मनुष्यवध झाला आणि सात वर्षांची शिक्षा लागली. साहेबांनी माझी बोटे आणि पोरीचे कपाळ लक्षात घेतले, नाहीतर जन्मठेप होती.

५. माझा भाऊ हिराजी याला काही देऊ नये. त्याने माझ्या तिरडीला खांदा लावू नये. मला अग्नी ऋतिकाने द्यावा.

मी आत असताना ऋतिका त्याच्याकडे होती. जेवायला वाढताना तो रोज म्हणायचा, "दोन शब्द इंग्रजी शिकली आणि आईला आत घातलंन." तिच्या हातात इंग्रजी पुस्तक दिसले की कमरेचा पट्टा काढायचा. एकदा पट्ट्याचे बक्कल तिच्या कानशिलावर बसले, त्या कानाने तिला कमी ऐकू येते. पुस्तके त्याने चुलीत घातली. नववीत शाळा सुटली. शेवटी आमची शेजारीण जाईबाई तिथे जाऊन हिराजीच्या दारात उभी राहिली आणि पोरीला हाताला धरून घेऊन आली, तेव्हा तो मार थांबला.

कोर्टातल्या त्या दिवसापासून ऋतिका इंग्रजीचा एक शब्द बोललेली नाही. परळला रक्ततपासणीच्या ठिकाणी कामाला आहे. डॉक्टर इंग्रजीत विचारतात, तिला सगळे समजते, उत्तर मराठीत देते. मी विषय काढला की ती उठून आत जाते. म्हणून सातवे कलम घातले आहे. उठून गेलीस तरी वकीलबाई वाचायच्या थांबणार नाहीत.

६. बँकेत जे असेल ते ऋतिकाच्या मुलीच्या, श्रेयाच्या, शिक्षणाला लावावे.

७. ऋतिका, हे तुला.

शिक्षा लागल्यावर वकील तुरुंगात भेटायला आले होते. म्हणाले, "अपील करू. मुद्दा चांगला आहे. मुलीचं इंग्रजी कच्चं. फ्लोअर म्हणाली, नाईफ म्हणायचं होतं. मग साहेबांना घाबरून तेच मराठीत रेटलं. शाळेतून तसं लिहून आणतो."

मी विचारले, "म्हणजे ती खोटं बोलली असं म्हणायचं?"

"खोटं नाही हो. चुकली म्हणायचं. लहान आहे, कोण काय म्हणणार आहे तिला?"

"ती चुकली नाही."

"रखमाबाई, वर्षांचा प्रश्न आहे. सही करा."

मी सही केली नाही. ते पुन्हा आले, पुन्हा केली नाही. ज्या घरात सहीसाठी तुझे कपाळ फुटले, त्या घरातल्या बाईने तुला चुकीची ठरवायला सही करायची, हे मला जमण्यासारखे नव्हते. तुला आजवर सांगितले नाही, कारण हेही तू स्वतःच्या डोक्यावर घेतले असतेस. घेऊ नकोस. सुरी मी मारली. आत मी राहिले. त्या कोर्टात एकच खरी गोष्ट निघाली, तुझ्या तोंडून, आणि ती मला सात वर्षे पुरली.

हे कलम हिराजी समोर असताना मोठ्याने वाचावे. आणि ऋतिका, यापुढे कोणी विचारले, कोर्टात तूच बोललीस ना, तर ज्या भाषेत विचारतील त्या भाषेत हो म्हण.

व्यवस्था पाहण्यासाठी मी ॲड. मेघना तांबे यांना नेमते. वरील सर्व मजकूर मला दोनदा वाचून दाखवला, मी सांगितले तसाच तो उतरला आहे, एकही शब्द बदलायचा नाही.

सही : रखमा तुळशीदास नाखवा

आमच्यासमोर रखमाबाईंनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली :

१. डॉ. गौतम कासारे, परळ (सही)
२. जाईबाई लक्ष्मण भोईर, शेजारीण, कॉटन ग्रीन (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण : कॉटन ग्रीन, मुंबई
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५