ओठाला सात टाके

९ जानेवारी १९५७

शिवणार! माझा ओठ शिवणार!

खतिजा धावतच सांगायला आली. शाळेत माझ्याच बाकावर बसायची, आता सरकारी इस्पितळात नर्स आहे. मुंबईचे एक डॉक्टर आठ दिवसांसाठी रत्नागिरीत येतायत. जन्मापासून फाटलेले ओठ जुळवतात. 'प्लॅस्टिक सर्जरी' म्हणतात त्याला. "मैना, तुझं नाव लिहूनच आलेय मी." मला न विचारता! मी तिला मिठीच मारली.

वीस वर्षं वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला. वीस वर्षं बोलताना हात तोंडावर. आणि आता – किती लिहू!

१० जानेवारी

सगळ्या आळीला कळलं. शेजारच्या यमुनाबाई तर दारातूनच ओरडल्या, "प्लॅस्टिक चिकटवतात गो! माझा प्लॅस्टिकचा कंगवा चुलीजवळ ठेवला तर वितळून गोळा झाला. तुझा ओठ गळून भाकरीत पडेल!" कुणी म्हणालं, बकरीचं कातडं लावतात. कुणी म्हणालं, ही नट्यांची थेरं. चेहरा बदलतो, घरचे ओळखत नाहीत.

आईनं भाकरी थापायची थांबवली. "नाय जायचं," म्हणाली. बस्स, एवढंच.

चेहरा बदलत असेल तर बदलू दे! मला तेच हवंय. कुणासारखा मागू? डोळे मिटून मी एकेक चेहरा लावून बघितला.

१२ जानेवारी

आई बोलत नाही. कारण मला ठाऊक आहे. मी पोटात असताना ग्रहणात ती विळीवर बसली, कोहळा चिरला. तेव्हापासून माझा ओठ म्हणजे तिचं पाप. देवाची खूण पुसली तर आणखी काहीतरी ओढवेल, हे तिचं भय.

आप्पा बंदरावरून आले, सगळं ऐकलं, आणि म्हणाले, "डॉक्टरला विचारू तरी. विचारायला काय होतंय?" माझे आप्पा!

१५ जानेवारी

डॉक्टर भेटले. ठेंगणे, चष्मेवाले, घाईचे. मी आधी तेच विचारलं – प्लॅस्टिक कुठून आणता?

ते खो खो हसले. "अगं, प्लॅस्टिक म्हणजे आकार देणं. कुंभार मातीला देतो तसा. तुझाच ओठ, तुझीच कातडी. बाहेरचं काय ते दोरा, तोही काढून टाकणार."

मी विचारलं, सुंदर होईन ना? तेव्हा मात्र हसले नाहीत. "ओठ जुळेल. रेघ राहील, कायमची. नाक थोडं वाकडंच राहील. बोलणं सुधारायला मेहनत तुझी तुलाच करावी लागेल. चालेल?"

म्हटलं, चालेल!

सोबत आलेल्या आईनं बाकावरूनच ग्रहणाचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "ग्रहणाचा काही संबंध नाही, बाई. तुमची काही चूक नाही." मला वाटलं, रडेल. ती रागावली! "मग एवढी वर्षं मी उगाच–" आणि उठून बाहेर गेली. विहिरीच्या कठड्याला टेकून किती वेळ उभी होती.

१६ जानेवारी

उद्या. आईनं स्वतः माझे केस विंचरले, घट्ट वेणी घातली.

१८ जानेवारी

झालं!! काल. जागीच होते मी. सुई टोचली तेव्हा ब्रह्मांड आठवलं, मग ओठ बधिर. कात्रीचा आवाज मात्र ऐकू येत होता. खतिजानं हात धरला होता. सात टाके. बोलायचं नाही म्हणून लिहितेय. चमच्यानं पेज घालते आई.

२३ जानेवारी

टाके काढले. आरसा बघितला.

सुजलेलं, लाल, आणि मध्ये गांडुळासारखी रेघ. मीच. दुसऱ्या कुणाचा चेहरा नाही. तीच मी! खूप रडले. खतिजा चिडली, "सूज तरी उतरू दे, मग रड."

७ फेब्रुवारी

सूज उतरली. ओठ आहे! आख्खा! दोन्ही ओठ मिटतात, मिटलेले राहतात. दिवसभर उगाच मिटून बघतेय. आणि आज म्हटलं, "आप्पा." जोडाक्षरासकट! पूर्वी फटीतून वारा जायचा. आप्पा पान लावत होते, ते तसेच राहिले. म्हणाले, "परत म्हण." दहा वेळा म्हणायला लावलं!

यमुनाबाईंनी मला मुद्दाम चुलीसमोर बसवलं. दोन भाकऱ्या होईपर्यंत टक लावून बघत होत्या. वितळलं नाही. जरा हिरमुसल्याच!

२ एप्रिल

आरे गावाहून तुळसा नावाची बाई आली, ओळख ना पाळख. कडेवर चार महिन्यांचं पोर, ओठ माझा होता तसाच. "तुझं तोंड बघायला आलंय," म्हणाली. मी हात आड न धरता तोंड दाखवलं – उजेडात, अनोळखी माणसाला! तिनं रेघेवरून बोट फिरवलं. "दुखतंय?" नाही म्हटलं.

डॉक्टर आता मुंबईला. खतिजानं पत्ता दिला. तुळसाचा नवरा तिथंच गिरणीत आहे, बोटीवरून उतरवून घेईल. पण सासू सोडत नाही. "परक्याचं कातडं लावून पोर मारतील." तुळसा रडत परत गेली. तिला सांगायला हवं होतं ते सगळं नंतर सुचलं. फार चिडचिड झाली.

६ एप्रिल

सासू स्वतः आली, आरेपासून उन्हातून चालत. साठीची बाई. भांडायला आली असं वाटलं. माझ्या ओठाकडे बघत राहिली. मग तोंडावरचा पदर काढला.

तिचाही ओठ दुभंगलेला.

"आधी माझ्यावर करू दे," म्हणाली. "मी जगले तर मग पोरावर."

उद्याच्या बोटीनं जातोय. ती, तुळसा, बाळ. आणि मी!