अण्णांचा सीटी मी काढला

पुणे

तीर्थरूप आई,
पाया पडते. अण्णा बरे आहेत, हे आधी सांगते.

महिन्यापूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या लिव्हरच्या आजारी भागाची रक्तवाहिनी बंद केली होती. त्यामुळे चांगला भाग वाढतो, आणि तो पुरेसा वाढला तरच आजारी भाग काढायचं ऑपरेशन होणार होतं. ते बघायचा सीटी स्कॅन काल मी चालवते त्याच मशीनवर झाला. मी म्हणाले, "अण्णा, श्वास रोखा." तर म्हणाले, "तू म्हनशील तवर रोखतो, बाई."

डॉक्टर म्हणाले, चांगला भाग वाढलाय आणि कामही नीट करतोय. सोमवारी ऑपरेशन आहे. बाहेर बसलेल्या अनोळखी माणसांना अण्णा सांगत होते, "माजा फोटो माज्या लेकीनं काढलाय."

जेवण मात्र कमी जातंय. येताना तुझ्या हातची भाकरी आण. उमापुरात सगळे बरे ना? तू वेळेवर जेवतेस ना?

फोटो काढताना माझा हात जराही हलला नाही, आई. रडले ते नंतर.

तुझी,
वर्षाराणी